जन्मसाल आणि आगमनसाल : भिलाईतील मराठी घराच्या तारखा

(भिलाई येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

कुलवृत्तांत हा मराठी ग्रंथव्यवहारातला एक खास प्रकार आहे. एका आडनावाच्या देशभर पांगलेल्या शाखा शोधून, वंशवृक्ष जुळवून, प्रत्येक व्यक्तीचा जन्म, विवाह, शिक्षण आणि नोकरी यांची नोंद करणारा हा ग्रंथ बहुधा निवृत्त माणसांच्या चिकाटीतून उभा राहतो आणि त्यात जन्मतारखा इतक्या असतात की वाचणाऱ्याला त्या तारखांपलीकडचे जग दिसेनासे होते. या उणिवेवर उपाय म्हणून अलीकडे एकसष्टीच्या किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या, म्हणजे हजार पौर्णिमा पाहून झाल्यावर साधारण एक्याऐंशीव्या वर्षी होणाऱ्या सोहळ्याच्या, स्मरणिकेत नवा रकाना दिसू लागला आहे : घरातल्या माणसाचे जन्मसाल डावीकडे, आणि त्या वर्षी जगात काय घडले, कोणता शोध लागला, ते उजवीकडे. हौस चांगली आहे. परंतु उजवीकडचा रकाना बहुधा लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील घटनांनी भरलेला असतो, आणि डावीकडचा माणूस दुर्ग, भंडारा किंवा गोंदिया येथे जन्मलेला असतो. दोहोंमध्ये संबंध असतो तो केवळ अंकांचा.

हा संबंध खरा व्हावा असे वाटत असेल तर प्रत्येक शोधाची दोन साले लिहिली पाहिजेत. एक त्या शोधाचे जन्मसाल, आणि दुसरे त्याचे आगमनसाल, म्हणजे ती वस्तू, ती पद्धत किंवा ती कल्पना संबंधित माणसाच्या उंबऱ्यापर्यंत कधी आली ते साल. या दोन सालांमधील अंतर हाच कुटुंबाच्या इतिहासाचा गाभा आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी भिलाई हे उदाहरण सोयीचे आहे, कारण येथे कारखान्याला आणि नगरालाच जन्मतारीख आहे, आणि नागपूर, विदर्भ व त्यापलीकडून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत त्या नगराच्या बरोबरीने वाढलेली पिढी आज निवृत्त होऊन बसली आहे. पुढील विवेचनात अशा घराच्या पणजोबांपासून नातीपर्यंतच्या पिढ्या नमुन्यादाखल घेतल्या आहेत. त्या कोणत्याही एका घराच्या नव्हेत.

उजव्या रकान्याकडे वळण्यापूर्वी डावीकडच्या तारखेचीच शहानिशा करावी लागते, कारण ती वाटते तितकी पक्की नसते. दुर्ग जिल्हा रायपूर व बिलासपूर जिल्ह्यांचे भाग काढून १ जानेवारी १९०६ रोजी निर्माण झाला, आणि त्याच दिवशी हिंदुस्थानात भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली एकच वेळ, लागू झाली. मुंबई शहराने मात्र स्वतःची, या वेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. जन्मपत्रिकेत घटिका-पळांना महत्त्व असते आणि लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे बाळंतपणासाठी मुंबईला गेलेल्या सुनेच्या मुलाची वेळ कोणत्या घड्याळातली, हा प्रश्न ज्योतिषाला पडणे स्वाभाविक होते. खेड्यांत घड्याळाचाही प्रश्न नव्हता. तेथे जन्ममृत्यूची वर्दी कोटवार, म्हणजे गावची राखण करणारा आणि सरकारला खबर पोचवणारा गावकामगार, ठाण्यावर देत असे, आणि ती देईपर्यंत किती दिवस जात ते त्याच्या फेरीवर ठरत असे. पुढे शाळेत नाव घालताना मास्तरांनी जून-जुलैतली सोयीची तारीख टाकली की तीच मॅट्रिकच्या दाखल्यावर चढे, आणि कारखान्यातील सेवानिवृत्तीही त्या दाखल्याप्रमाणेच होई. एकाच माणसाची घरातली तारीख तिथीची, शाळेतली जुलैची आणि ठाण्यातली तिसरीच, असे या पिढीत सर्रास आढळते. जन्ममृत्यू नोंदणीचा देशभरासाठी एकसारखा, सक्तीचा कायदा १९६९ साली झाला. त्याआधीच्या तारखांवर जगाच्या घटना टांगणारांनी खुंटी किती हलते हे ध्यानात ठेवावे, इतकेच.

आता पणजोबांचा रकाना. १९०६ साली दुर्गमध्ये जन्मलेल्या माणसाशेजारी सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप आणि ड्रेडनॉट ही ब्रिटिश युद्धनौका लिहिणे सोपे आहे, परंतु त्याच्या घराचे पुढे जे झाले त्याची बीजे त्याच्या जन्माच्या आगेमागे, अगदी जवळ पडली होती. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८०च्या दशकात डल्ली-राजहरा टेकड्यांतील लोहखनिजाची नोंद केली होती. पुढे १९०३-०४च्या सुमारास जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड हे पोलादाच्या कारखान्यासाठी जागा धुंडाळत असता, नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींच्या नजरेला एक भूशास्त्रीय नकाशा पडला आणि त्यावर दुर्गजवळ लोखंडाच्या खुणा दिसल्या. हे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले असून नागपूरकर त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात. वेल्ड डल्ली-राजहऱ्याला गेले. खनिज उत्तम निघाले, परंतु कोकसाठी लागणारा कोळसा जवळ नव्हता आणि कारखान्याला पुरेल असे पाणीही नव्हते. टाटांचे लक्ष मयूरभंजकडे वळले, १९०७ साली कंपनी स्थापन झाली, आणि साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, १९११ अखेर लोखंड व १९१२च्या आरंभी पोलाद निघाले. दुर्गचे लोखंड डोंगरातच राहिले.

पाणी आले ते पोलादासाठी नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाल्यावर सिंचनाचा विचार करण्यासाठी १९०१ साली आयोग नेमला गेला, त्यानंतरच्या सिंचनाच्या कामांत तांदुळा नदीवरील जलाशय उभा राहिला आणि तो १९२१ साली पूर्ण झाला. भाताच्या शेतांसाठी बांधलेले हे पाणी साडेतीन दशकांनंतर भिलाईच्या कारखान्याला उपयोगी पडले. पणजोबांच्या पंधराव्या वर्षाशेजारी कोणत्याही स्मरणिकेत तांदुळा दिसणार नाही. वास्तविक त्यांच्या नातवाची नोकरी ज्या गोष्टींवर अवलंबून होती त्यांतली ही एक.

या भूमीशी मराठीचा संबंध कारखान्याहून जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली रतनपुरावर आल्या, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. परंतु राज्यकर्त्यांपेक्षा येथे लेखकांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी घरात झाला. त्या वर्षी छत्तीसगढात रेल्वे नव्हती. नागपूरहून राजनांदगावला जाणारी मीटरमापी गाडी सुरू झाली तेव्हा सप्रे दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ मराठीत १९१५ साली आल्यावर ते हिंदीत नेले तेही त्यांनीच. मराठीतील ग्रंथाचे हिंदीतील आगमनसाल जवळ आणणारा माणूस, असे त्यांचे वर्णन केले तर वावगे होणार नाही.

दुसरे उदाहरण गजानन माधव मुक्तिबोधांचे, आणि या विषयावर त्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. रशियातील बोल्शेविक क्रांती झाली ती तेथील तेव्हाच्या ज्यूलियन पंचांगाप्रमाणे २५ ऑक्टोबरला आणि इतर जगाच्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ला. म्हणूनच नोव्हेंबरातल्या घटनेला ऑक्टोबर क्रांती म्हणतात. मुक्तिबोध जन्मले ते त्यानंतर सहा दिवसांनी, १३ नोव्हेंबर १९१७ रोजी, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे. स्मरणिकेच्या पद्धतीने येथे दोन ओळी शेजारी लिहून हात झटकता येतील. परंतु क्रांतीचा विचार या मराठी घरातील मुलाच्या मनात पोचला तो १९४०च्या दशकाच्या आरंभी, वयाच्या पंचविशीत. म्हणजे सहा दिवसांचे अंतर वस्तुतः पाव शतकाचे होते. १९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले, त्या वेळी आगगाडीने तास-दीड तासाच्या अंतरावर भिलाईला रशियन अभियंते पहिली झोतभट्टी उभारत होते. ज्या देशातील उलथापालथ जन्माच्या आठवड्यात झाली त्या देशाचे लोक, यंत्रे आणि रेखाचित्रे चाळीस वर्षांनी शेजारी येऊन बसली. सप्टेंबर १९६४ मध्ये मुक्तिबोधांचे निधन झाले. त्यांनी हिंदीत लिहिले, धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत. एका घरातील दोन भावांची साहित्यभाषा वेगळी असणे हे मध्य भारतातील मराठी घरांत आश्चर्याचे नव्हते.

भिलाईची स्वतःची जन्मतारीख २ फेब्रुवारी १९५५ ही धरावी लागते. त्या दिवशी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. कर्जाचे व्याज शेकडा अडीच आणि परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत, अशा त्याच्या अटी होत्या. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, राज्यकारभाराच्या भाषा हिंदी आणि मराठी दोन्ही होत्या, आणि हा कारखाना आपल्या प्रांतात यावा यासाठी झटणारे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरातूनच कारभार पाहत होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, आणि दुर्गच्या मराठी माणसाचे नागपूर एका दिवसात परराज्यातले झाले. अंतर तेच, सुमारे २६५ किलोमीटर लोहमार्ग.

१९५५ सालीच, १२ एप्रिलला, जोनास सॉल्क यांची पोलिओची लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे अमेरिकेत जाहीर झाले. करारानंतर सत्तर दिवसांच्या आत. परंतु भारतात पल्स पोलिओची, म्हणजे ठरलेल्या दिवशी देशभरातील सर्व लहान मुलांना एकदम डोस पाजण्याची मोहीम १९९५ साली सुरू झाली, देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि प्रमाणपत्र २०१४ साली मिळाले. भिलाईच्या पहिल्या पिढीतील मुलांच्या वर्गात कॅलिपर लावून चालणारा एखादा मुलगा असे, त्याचे कारण या दोन सालांच्या मधल्या जागेत सापडते.

पहिली झोतभट्टी, म्हणजे खालून तापलेल्या हवेचा झोत सोडून खनिजातील लोखंड वितळवून वेगळे करणारी उंच भट्टी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. शालिवाहन शकाप्रमाणे तेव्हा शके १८८० चालू होते आणि त्या संवत्सराचे नाव होते ‘विलंबी’. नावाला साजेसे काही घडले नाही. करारापासून अवघ्या चार वर्षांत दुर्गच्या माळावर लोखंडाचा रस वाहू लागला. ज्यांचा जन्म त्या वर्षी नव्या सेक्टरांतील क्वार्टरमध्ये झाला त्यांच्या पत्रिकेवर मात्र विलंबी नाम संवत्सर राहिले, आणि शोधांच्या प्रवासाकडे पाहिले तर ते नाव अगदीच अस्थानी नव्हते, असे पुढील हकिगतीवरून दिसेल.

लोखंड झोतभट्टीत होते, पोलाद त्यानंतर. लोखंडातील जादा कार्बन व इतर दोष जाळून काढले की पोलाद होते, आणि ते जाळण्याच्या पद्धतींचा इतिहास हाच पोलादाचा इतिहास आहे. हेन्री बेसेमर यांनी १८५६ साली वितळलेल्या लोखंडातून खालून हवा फुंकण्याची पद्धत काढली. ती झपाट्याची होती, पण हवेतील नायट्रोजन पोलादात उतरून ते ठिसूळ करी. १८६५च्या सुमारास सीमेन्स आणि मार्टिन यांच्या प्रयत्नांतून खुली भट्टी आली : उथळ, परातीसारख्या तळाची, वरून ज्योत खेळवणारी, आणि बाहेर जाणाऱ्या वायूंची उष्णता विटांच्या जाळीत साठवून आत येणारी हवा तापवणारी. तिला कित्येक तास लागत, परंतु तीत भंगार चाले, मध्ये नमुना काढून तपासता येई, आणि हवे तसे पोलाद नेमके करता येई. या पद्धतीने जवळपास शंभर वर्षे जगाला पोलाद पुरवले. मग १९५२ साली ऑस्ट्रियातील लिंत्झ येथे तिसरी पद्धत व्यवहारात आली : भांड्यात वरून नळी सोडून हवेऐवजी शुद्ध प्राणवायू फुंकायचा. लिंत्झ आणि डोनाविट्झ या गावांच्या आद्याक्षरांवरून तिला एल.डी. पद्धत म्हणतात, आणि तीत एक घाणा तासाभराच्या आत उतरतो.

भिलाईचा करार १९५५चा, म्हणजे एल.डी. तीन वर्षांची होती. तरी भिलाईला आल्या त्या प्रत्येकी २५० टनांच्या सहा खुल्या भट्ट्या. त्याच सुमारास जर्मन सहकार्याने उभ्या राहणाऱ्या राऊरकेल्याला एल.डी. मिळाली. यावरून रशियनांनी भारताला जुनाट माल दिला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सोव्हिएत संघाचे स्वतःचे बहुतेक पोलाद तेव्हा खुल्या भट्ट्यांतच होत होते. जे काम त्यांच्या कारागिरांच्या हातात मुरले होते तेच त्यांनी दिले, आणि आयटीआयमधून किंवा शेतावरून आलेल्या नवशिक्या मुलांना शिकवायला धीम्या, मध्ये डोकावू देणाऱ्या भट्टीची पद्धत सोपी होती. नव्या शोधाशी त्याचे शिक्षकही यावे लागतात, ही गोष्ट आगमनसालाचा हिशेब करताना विसरली जाते. भिलाईत एल.डी. आली ती १९८०च्या दशकात, चाळीस लाख टनांच्या विस्तारात, सलग ओतकामाच्या यंत्रांसह. १९५९ साली खुल्या भट्टीपुढे फावडे घेऊन उभ्या राहिलेल्या कामगाराचा मुलगा तोवर त्याच कारखान्यात लागला होता. बापाने वापरलेला शोध १८६५चा, मुलाने वापरलेला १९५२चा. दोघांच्या नोकरीत पंचवीस वर्षांचे अंतर आणि दोघांच्या शोधांत सत्त्याऐंशी वर्षांचे.

घरातल्या वस्तूंची गोष्ट लवकर आटोपता येते. ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७चा, स्वातंत्र्याच्या वर्षाचा, परंतु त्यावर चालणारा छोटा रेडिओ घरोघरी दिसू लागला तो साठच्या दशकात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, तरी आणे-पैचा हिशेब आज्यांच्या तोंडी बराच काळ राहिला. दूरचित्रवाणीचे मात्र उलटे झाले. जॉन लोगी बेअर्ड यांनी तिचे प्रात्यक्षिक १९२६ साली दाखवले, दिल्लीत ती १९५९ला आणि मुंबईत १९७२ला आली, आणि ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकन उपग्रहाद्वारे देशातील सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत ‘साइट’ हा शिक्षणविषयक प्रयोग झाला, त्यांत छत्तीसगढमधील खेडी होती. अनेक मोठ्या शहरांतील लोकांनी टीव्ही पाहिला नव्हता तेव्हा येथील शेतकऱ्यांनी शेतीचे कार्यक्रम पाहिले. अंतर सदैव शहराकडून खेड्याकडेच मोजायचे असते, हा समज या एका वर्षाने खोटा ठरवला आहे.

भिलाईतील मराठी घरांनी आणखी एक रकाना ठेवायला हवा, आणि तो बहुतेकदा रिकामा असतो : आधीपासून येथे राहणाऱ्यांचा. पंडवानी गायिका तीजनबाई यांचा जन्म २४ एप्रिल १९५६ रोजी भिलाईजवळच्या गनियारी गावी झाला. पंडवानी म्हणजे महाभारताची कथा गाऊन, अभिनय करून सांगण्याची छत्तीसगढी कला. तिच्या कापालिक शैलीत गायक उभा राहून सादर करतो, आणि ही शैली पुरुषांची समजली जात असता तीजनबाईंनी ती आपली केली. पुढे त्या भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होत्या आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. गनियारीच्या दृष्टीने १९५५-५९ ही साले वस्तू येण्याची नव्हती, माणसे येण्याची होती. आलेल्यांत मराठी होते, बंगाली होते, आंध्र, केरळ, पंजाबचे होते, आणि रशियन होते.

१९९१ या सालाशेजारी लिहायला जगात पुष्कळ आहे. जुलैत देशाच्या अर्थव्यवस्थेने वळण घेतले आणि डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. ज्या देशाच्या मैत्रीचे नाव येथील मैत्रीबाग हे उद्यान मिरवते तो देश नकाशावरून गेला. भिलाईच्या घरात मात्र त्या वर्षाची आठवण २८ सप्टेंबरची निघते. डल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांना संघटित करणारे आणि त्यांच्या श्रमातून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे करणारे शंकर गुहा नियोगी यांची त्या रात्री भिलाईत झोपेत गोळी झाडून हत्या झाली. त्या वर्षी जन्मलेल्या मुलीच्या आईला मॉस्कोतील घडामोडी वर्तमानपत्रातून कळल्या. नियोगींची बातमी शेजारच्या घरातून कळली.

त्या मुलीच्या दाखल्यावर जन्मस्थान दुर्ग, मध्य प्रदेश असे आहे. तिच्या आजोबांच्या कागदावर मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि १ नोव्हेंबर २०००नंतर जन्मलेल्या तिच्या धाकट्या चुलत भावाच्या दाखल्यावर छत्तीसगढ. तिघांची जन्मखोली कदाचित एकाच दवाखान्याच्या आवारात मोडेल. पासपोर्टच्या अर्जात हे सारे समजावून सांगताना कुटुंबाची जी तारांबळ उडते ती कोणत्याही कुलवृत्तांतात नोंदलेली नाही, आणि नोंदायला हरकत नाही.

तारखांची नोंद कशी ठेवावी याचा एक नमुना भिलाईतच, आणि तोही माणसांच्या नव्हे तर वस्तूच्या बाबतीत, उपलब्ध आहे. येथील रूळ गिरणी १९६० साली सुरू झाली आणि नंतर अनेक दशके भारतीय रेल्वेचे बहुतेक सर्व रूळ येथूनच गेले. रूळ लाटला जात असतानाच त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवर, म्हणजे माथा आणि तळ यांना जोडणाऱ्या भागावर, उठावाची अक्षरे उमटतात : रुळाचा आकार, पोलादाची प्रत, कारखान्याची खूण, रोमन अंकांत महिना, त्यापुढे वर्ष, आणि शेवटी ते पोलाद कोणत्या पद्धतीने केले त्याचे चिन्ह. खुल्या भट्टीचे चिन्ह वेगळे, प्राणवायूच्या भट्टीचे वेगळे. दुर्ग स्थानकाच्या फलाटावरून वाकून पाहिले तर एका रुळावर त्याचे जन्मसाल आणि त्याला घडवणारा शोध, दोन्ही एका ओळीत वाचता येतात.